उमेदवारी अर्धी टाकलेला मालक

मी संशयी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला नावं ठेवायला नकोत. घानातल्या कुमासी शहरात, मॅगझिन नावाच्या वस्तीत, जिथे मैलभर नुसत्या फिटरांच्या शेड आहेत, तिथे मी वीस वर्षं गास्केट आणि बेअरिंग विकली. ‘अस्सल माल आहे’ असं शपथेवर सांगणारा माणूस आला की मी त्याच्या तोंडाकडे न बघता पिशवीच्या तळाकडे बघायची. ओदुरोने मला त्याच्या कंपनीत स्टोअर सांभाळायला घेतलं ते माझा हा स्वभाव बघूनच. तोही माझ्याच जातकुळीतला होता.

ओदुरो तेव्हा चौतीस वर्षांचा. टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर त्याची कंपनी, माणसं नऊ, आणि माल एकच, साबणाच्या वडीएवढी एक डबी. आमच्या त्रोत्रोच्या, म्हणजे खच्चून माणसं भरून धावणाऱ्या भाड्याच्या व्हॅनच्या, स्टिअरिंगखाली ती जोडायची. ती इंजिनाकडे लक्ष ठेवायची आणि काही बिघडायच्या आत ड्रायव्हरला आमच्या त्वी भाषेत बोलून सांगायची. त्यातला आवाज माझा. आधी रेडिओवरच्या एका गोड गळ्याच्या मुलीचा होता. ड्रायव्हर तो ऐकायचे, गालातल्या गालात हसायचे आणि गाडी तशीच दामटायचे. मग आफ्रिये, आमची इंजिनिअर मुलगी, एक दिवस स्टोअरमध्ये येऊन मला म्हणाली, “आंटी, कुणी मालाला नखं लावली की तुम्ही ओरडता ना, तसं ओरडा.” मी ओरडले. ‘पाणी संपत आलंय, डोळे फुटलेत का, थांब आधी!’ तेव्हापासून ड्रायव्हर थांबायला लागले.

ओदुरोचं डोकं तेज, हे मी कधीही नाकारणार नाही. पण त्याचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. सगळे पासवर्ड त्याच्याकडे. स्टोअरची दुसरी किल्ली त्याच्या गळ्यात. दाराशी एक टोपली ठेवलेली, आत येताना प्रत्येकाने आपला फोन त्यात टाकायचा. डबीतलं एक वाक्य बदलायचं असलं तरी तो स्वतः ऐकून हो म्हणेपर्यंत काम अडून राहायचं, आणि तो गावाला गेला असेल तर आठ-आठ दिवस अडून राहायचं. एका वर्षात दोन पोरं कंटाळून अक्राला निघून गेली. जायच्या दिवशी ओदुरोने त्यांच्या पिशव्या तपासायला लावल्या. तपासल्या मीच. एकाच्या पिशवीत मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे दोन केंके आणि तळलेला मासा निघाला. तो मुलगा म्हणाला, “घ्या आंटी, हाही कंपनीचा असेल.” मला त्याचं काही वाटलं नाही. चोरही असंच बोलतात.

त्या वर्षी त्रोत्रो ड्रायव्हरांच्या एका संघटनेने आमच्या डब्या एकशे वीस गाड्यांना लावून बघायच्या ठरवल्या. त्यांच्या चेअरमननी साफ सांगितलं होतं, ईस्टरनंतर बघू, बोलत असतील तर उरलेल्या सहाशे गाड्यांनाही लावा, मुक्या असतील तर आहेत त्याही घेऊन जा. कंपनीच्या हातात दुसरं काहीच नव्हतं. हे हुकलं असतं तर टायरवाल्याने भाड्यापायी महिन्याभरात आमचं सामान जिन्यावर आणून ठेवलं असतं.

आणि फेब्रुवारीत डब्या मुक्या व्हायला लागल्या. ऑफिसातल्या पडद्यावर प्रत्येक गाडीचा एक हिरवा ठिपका असायचा. रोज एक-दोन ठिपके विझायचे. तीन आठवड्यांत एकशे विसाचे एक्क्याऐंशी झाले. आफ्रियेने डब्या उघडून तपासल्या, काही बिघाड सापडेना, आणि ड्रायव्हरही नीट काही सांगेनात. ओदुरोने मला आत बोलावलं, दार लावलं, खिडकीही लावली.

“आंटी, हे आपल्यातलंच कुणीतरी आहे. डबीचं काम बाहेर जातंय आणि आपल्याला खाली ओढलं जातंय. आफ्रियेवर नजर ठेवा. दर शनिवारी दोनच्या ठोक्याला ती पिशवी घेऊन निघते. कुठे जाते, कुणाला सांगत नाही.”

मी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. शनिवारी दोन वाजता ती निघाली, तिच्या मागे वीस पावलांवर मी. बॅटरीवाल्यांची गल्ली, मग वेल्डिंगवाले, मग उजवीकडे. ती थेट मास्टर सारपोंगच्या शेडमध्ये शिरली. मी एका उघड्या बॉनेटमागे उभी राहिले. सारपोंग ओदुरोचा कोण लागतो हे मॅगझिनमध्ये कुणाला सांगायला नको.

आमच्याकडे फिटर व्हायचं तर एखाद्या मास्टरकडे तीन-चार वर्षं उमेदवारी करावी लागते. शिकून झालं की मास्टर तुम्हाला मोकळं करतो. चार लोकांच्या देखत तुमच्या डोक्यावर पांढरी पावडर ओततो, श्नॅप्स नावाच्या दारूचे चार थेंब जमिनीवर पूर्वजांसाठी सांडतो आणि म्हणतो, आजपासून हा हात स्वतःचा. ते होईपर्यंत तुम्ही कितीही हुशार असा, तुम्हाला कुणी फिटर म्हणत नाही. ओदुरो तरुणपणी सारपोंगकडेच होता. चौथ्या वर्षी त्याला इंजिनिअरिंगच्या कॉलेजात जागा मिळाली. एका शुक्रवारी त्याने पाना तेलाच्या ट्रेमध्ये ठेवला आणि एक शब्द न बोलता निघून गेला. त्यानंतर चौदा वर्षं त्या गल्लीत त्याने पाऊल टाकलं नाही. ‘कॉम्प्युटरवाल्याला कसली आलीये पावडर’ असं तो हसून म्हणायचा. पण सारपोंगचं नाव निघालं की त्याचं हसू आटायचं. म्हातारा एक दिवस उट्टं काढणार, हे त्याच्या मनात घट्ट बसलं होतं.

मी जे पाहिलं ते ओदुरोला सांगितलं, आणि जे पाहिलं नाही तेही थोडं सांगितलं. आफ्रियेने पिशवीतून एक चौकोनी खोकं काढून म्हाताऱ्यापुढे ठेवलं होतं, एवढं खरं. ‘आपली डबीच असणार,’ मी म्हटलं. डबी मला दिसली नव्हती. म्हाताऱ्याने ते खोकं हाताने मागे सरकवलं होतं, हे दिसलं होतं. ते मी सांगितलं नाही. का, ते आज विचारू नका. एकदा माणसाला चोर धरलं की त्याच्या बाजूचं काही आपल्या तोंडून निघतच नाही.

सोमवारी ओदुरोने तिला सगळ्यांसमोर उभं केलं. सारपोंगकडे कशाला जातेस, असं विचारलं. ती गोरीमोरी झाली नाही की रडली नाही.

“तुमच्याच कामाला जाते, बॉस.”

“मी पाठवलं होतं?”

“पाठवलं नव्हतं. आणि आधी विचारलं असतं तर जाऊ दिलं नसतं. काम झालं की सांगणार होते.”

ओदुरो म्हणाला, ईस्टर होईपर्यंत घरी बस, पुढचं पुढे बघू. म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. चोरीचा शिक्का घेऊन मॅगझिनमधून बाहेर पडलेल्या माणसाला इथे कुणी स्क्रूसुद्धा पिळायला देत नाही, बाईमाणसाला तर नाहीच नाही. मी तिची पिशवी टेबलावर उलटी केली. कंगवा, अर्धा पाव, तिचा स्वतःचा पेचकस. ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, “आंटी, तळही चाचपून बघा.” मी चाचपला.

ती गेल्यावर ठिपके विझायचे थांबायला हवे होते. ते उलट आणखी झपाट्याने विझायला लागले. दहा दिवसांत एक्क्याऐंशीचे बावन्न. ओदुरो पडद्यासमोर बसून राहायचा, जेवायचा नाही. मीही चरफडत होते. चोर घरी बसलाय आणि चोरी चालूच आहे, म्हणजे पाणी दुसरीकडेच कुठेतरी मुरत होतं. शेवटी मी ठरवलं की म्हाताऱ्यालाच रंगेहाथ पकडायचं. बुधवारी दुपारी मी सरळ त्याच्या शेडमध्ये घुसले.

आत आमच्याच एकशे विसांतली एक त्रोत्रो उभी होती. पिकल्या दाढीचा एक फिटर आत वाकून आमची डबी काढत होता. त्याने वायरची नीट गुंडाळी केली आणि डबी पुढच्या खणात ठेवली, कुणाचा चष्मा जपून ठेवावा तशी. मी जाऊन त्याचं मनगट धरलं आणि चोर म्हणून ओरडले. तो थंडपणे म्हणाला, चोर कशाला, खणात तर ठेवलीये, ड्रायव्हरला विचारा. मग काढलीस कशाला, असं मी विचारलं तर तो कोपऱ्यात स्टुलावर बसलेल्या सारपोंगकडे बघायला लागला.

सारपोंग सत्तरीचा, गुडघे गेलेले, आवाज मात्र खणखणीत. त्याने मला बाकावर बसायला लावलं आणि पाणी दिलं.

“पोकुआ, मी कुणालाही काढ म्हटलेलं नाही,” तो म्हणाला. “सांगावं लागत नाही. उद्या त्या डबीपायी इंजिन बसलं, तर ड्रायव्हर काय विचारणार? कुणाच्या हातचं काम, आणि त्याचा मास्टर कोण? मास्टर मी. आणि मी तर ओदुरोला अजून सोडलेलंच नाही. मग त्या कामाला जामीन कोण राहणार? म्हणून माझी माणसं दुरुस्तीला हात घालायच्या आधी ती काढून ठेवतात. या गल्लीतले निम्मे मास्टर माझ्या हाताखालून गेलेत. तेही काढतात, आणि त्यांचं बघून आता बाकीचेही.”

“आणि ती मुलगी? तिने तुम्हाला काय आणून दिलं?”

“खोक्यातून श्नॅप्सची बाटली. चार शनिवार तीच बाटली. म्हणायची, ओदुरोच्या वतीने घ्या आणि त्याला मोकळं करा. मी म्हटलं, पोरी, पावडर दुसऱ्याच्या वतीने डोक्यावर पडत नाही, त्याला पाठव. तर म्हणाली, तो यायचा नाही, तो तुम्हाला घाबरतो. मग विचारायची, या गाड्यांत वायर कुठे तापते. मी दाखवायचो. चांगली मुलगी आहे. हल्ली येत नाही. आजारी आहे का?”

मी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. माझ्या आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

परत येऊन मी ओदुरोला सगळं सांगितलं, मागे सरकवलेल्या खोक्यासकट. मला वाटलं, हा आता मला जिन्यावरून खाली ढकलणार. त्याने एकच विचारलं.

“मास्टरनी ते परत सरकवलं, हे तुम्ही त्या दिवशी पाहिलं होतं?”

“पाहिलं होतं.”

मग त्याचा मूळ स्वभाव वर आला. म्हणाला, हा म्हाताऱ्याचाच डाव असेल, मला गुडघ्यावर आणायचा. मी म्हटलं, असेलही. संशय घ्यायचा तर सारपोंगवरही घेता येत होता आणि आफ्रियेवरही, आणि माझ्यावर तर घ्यायलाच हवा होता. दोन दिवस तो त्यातच घुटमळला. दोन दिवसांत आणखी आठ ठिपके विझले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने दारातली टोपली उचलून माळ्यावर टाकली आणि मला म्हणाला, “आंटी, चला. आफ्रियेच्या घरी जायचंय.”

माफी मागायला एकट्याने जात नाहीत, बरोबर एखादं मोठं माणूस लागतं. ते मोठं माणूस म्हणून मी गेले. कसल्या तोंडाने गेले ते माझं मला माहीत. आफ्रियेच्या आईने बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, कशासाठी येणं केलंत. बोलायचं मी होतं. मी घसा खाकरला, तेवढ्यात ओदुरोच उभा राहिला. म्हणाला, तुमच्या मुलीवर मी खोटा आळ घेतला, माफी मागायला आलोय आणि तिला परत न्यायला आलोय. मास्टर सारपोंगकडे जायचंय, तिथेही ती बरोबर हवी.

आफ्रियेने ऐकून घेतलं. मग म्हणाली, मास्टरकडे येईन, चार शनिवार मी त्याचसाठी घालवलेत. पण ऑफिसात परत येणार नाही. तिला स्वतःचं काम सुरू करायचं होतं. मक्याच्या गिरण्यांच्या मोटरी जळतात, त्यांच्यासाठी तिला अशीच डबी करायची होती.

ओदुरोचा चेहरा बघण्यासारखा झाला. आणि खोटं कशाला बोलू, माझ्याही मनात आलंच, बघा, मी म्हणत नव्हते?

“हे आधीपासून ठरवलं होतंस?” त्याने विचारलं.

“नाही. ज्या दिवशी माझी पिशवी उलटी केलीत, त्या दिवशी ठरवलं.”

परतीच्या टॅक्सीत तो खिडकीबाहेर बघत होता. अर्ध्या वाटेत हळूच म्हणाला, “आंटी, ती आपली माणसं नेईल का हो?” महिन्यापूर्वी मी ताबडतोब हो म्हटलं असतं. आता म्हटलं, मला माहीत नाही. आणि मला खरंच माहीत नव्हतं.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी सारपोंगच्या शेडमध्ये चाळीसेक फिटर जमले. बातमी कुणी दिली नव्हती, ती आपोआप पोचली होती. ओदुरो पांढरा शर्ट घालून आला होता, हातात श्नॅप्सचं खोकं. बाकांवर कुजबुज चालली होती, हा खरंच वाकतो की फोटो काढून निघून जातो. मीही दाराजवळच्या बाकावर बसून तेच बघत होते. तेलाने काळ्या झालेल्या जमिनीवर तो गुडघे टेकून बसला.

सारपोंगने विचारलं, “चौदा वर्षांपूर्वी न सांगता का गेलास?”

“घाबरलो होतो, मास्टर. तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं.”

“नाही म्हटलंच असतं,” म्हातारा म्हणाला. “आणि दोन दिवसांनी हो म्हटलं असतं.”

लोक हसले. ओदुरोला हसता आलं नाही, त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सारपोंगने दारू जमिनीवर सांडली, लहान मुलांना लावतात त्या पावडरचा डबा त्याच्या डोक्यावर रिता केला आणि जे म्हणायचं असतं ते म्हटलं. ते संपतं न संपतं तोच शेडच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या त्रोत्रोत तो पिकल्या दाढीचा फिटर शिरला. खणातली डबी त्याने पुन्हा जोडली आणि इंजिन चालू केलं. लगेच माझा आवाज शेडभर घुमला, पाणी संपत आलंय, डोळे फुटलेत का. या खेपेला ओदुरोही हसला. ईस्टरनंतर चेअरमन काय बघणार ते तिथेच ठरलं.

पण सारपोंग अजून परत स्टुलावर बसला नव्हता. “आता तू मास्टर,” तो म्हणाला. “तुझ्या हाताखाली शिकून तयार झालेलं कुणी आहे?”

ओदुरो उठला. पावडर त्याच्या कानांवरून, शर्टावरून ओघळत होती. गर्दीत मागे उभ्या असलेल्या आफ्रियेकडे बघून तो म्हणाला, “आहे.” ती पुढे आली आणि त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिची सहा वर्षं झाली होती त्याच्याकडे. तिला तो मोकळं करणार होता, म्हणजे उद्यापासून ती कुठेही जायला, काहीही करायला मोकळी. त्याने कुणीतरी दिलेला दुसरा डबा हातात घेतला.

उमेदवाराला सोडण्याआधी साक्षीदाराने त्याच्या मास्टरला एक प्रश्न विचारायचा असतो. तो सारपोंगने विचारला. “हिने तुझं काही चोरलंय का?”

आफ्रियेला का घरी बसवलं होतं, हे तिथल्या प्रत्येकाच्या कानावर आलेलं होतं. ओदुरो जे बोलेल तेच तिचं नाव, जन्मभराचं. आणि त्याच्यापुढे सोपी वाट होती. ‘माझी दिशाभूल झाली, माझ्याच स्टोअरवालीने भलतंसलतं सांगितलं,’ एवढं त्याने म्हटलं असतं तरी ती सुटली असती आणि तोही सुटला असता. ते खोटंही नव्हतं. वीस वर्षं ज्या गल्ल्यांत मी लोकांना चोर ठरवलं, तिथे उद्यापासून मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

“नाही,” ओदुरो म्हणाला. “माझ्याकडे चोरण्यासारखं जे काही होतं, ते हिनेच केलेलं होतं. मी हिच्यावर आळ घेतला. तो माझ्याच डोक्यातून निघाला. माझे कान कुणी भरले नव्हते.”

त्याने डबा तिच्या डोक्यावर उलटा केला. चाळीस फिटर टाळ्या वाजवत होते. त्याचे कान भरणारी बाई दाराजवळच्या बाकावर बसली होती, आणि त्याने तिच्याकडे एकदा वळूनसुद्धा पाहिलं नाही.